बंद पडल्यावर किती वेळाने

११ जानेवारी

दादा,

पत्राची सुरुवात कशी करावी ते ठरत नाही. तुझी खुशाली विचारायचा हक्क मला उरला आहे की नाही, तेही कळत नाही. म्हणून गाडीपासून सुरू करते. गाडीबद्दल आपल्या घरात कुणीही कुणाशीही बोलू शकतं.

बाबांनी म्हातारी भंगारात द्यायची ठरवली आहे. ३१ मार्चला भंगारवाला क्रेन घेऊन येणार आहे. दोन वर्षं ती अंगणात तू लावून गेलास तिथेच उभी आहे. पुढच्या डाव्या चाकाखाली तू सरकवलेला दगडही तसाच आहे. टायर बसले आहेत. एका आरशात चिमण्यांनी काड्या आणून ठेवल्या आहेत. बाबा आता वजनकाट्यावर नोकरी करतात. दिवसभर दुसऱ्यांचे ट्रक बघतात आणि घरी आल्यावर आपल्या ट्रककडे पाठ करून पायरीवर बसतात.

तुझा पत्ता वेल्डरकाकांकडून मिळवला. सहज दिला नाही. "त्यानं बजावलंय, कुणाला द्यायचा नाही," म्हणाले. मी म्हटलं, मी काय कुणी आहे का? तर म्हणाले, "तेच म्हणतोय. कुणी असतीस तर एक वेळ दिला असता. तू तर बहीण आहेस." मग डोळ्यांवर काळी काच ओढली, ठिणग्या उडवायला लागले आणि त्या आवाजात गॅरेजचं नाव नि रस्ता सांगून टाकला. काचेआडून सांगितलं की सांगितल्यासारखं होत नाही, असं त्यांना वाटत असावं.

मी आता शाळेत विज्ञान शिकवते. सातवी आणि आठवी. कारणाशिवाय काहीही घडत नाही, हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं आहे की मुलं मला पाहिल्यावर तेच म्हणतात. ते लिहून मी घरी येते आणि अंगणात म्हातारी उभी असते.

त्या दिवशी तू होतास, मी नव्हते. तरी जे मला माहीत आहे ते एकदा क्रमाने मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तू टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप उघडून दुरुस्त केलास. त्यानंतर आठवड्याभरात म्हातारी चालता चालता बंद पडायला लागली, आणि थोडी उभी राहिली की आपली आपण चालू व्हायला लागली. तू पंप दोनदा पुन्हा उघडलास. काही सापडलं नाही. मग एका सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं. बाबा दुसऱ्याच्या गाडीवर बाहेरगावी होते. माझा शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर होता. रुग्णवाहिकेला तास लागेल म्हणाले. तू आईला केबिनमधल्या मागच्या बाकावर झोपवलंस आणि निघालास. पुलावर गाडी बंद पडली. बावीस मिनिटांनी चालू झाली. दवाखान्यात पोचलात तेव्हा आई गेली होती.

बाबा म्हणाले, "पंपाला तू हात लावलास आणि गाडी बिघडली. तुझ्या हातानं झालं हे." तू काही बोलला नाहीस. चौथ्या दिवशी पिशवी घेऊन गेलास. मी दारात होते. मीही काही बोलले नाही.

क्रेन यायच्या आत, ती का बंद पडायची ते मला शोधायचं आहे. दोष पंपात नव्हता असं निघालं तर बाबांना ते वाक्य परत घ्यावं लागेल. दोष तुझ्या पंपातच होता असं निघालं तर तेही लिहीन. जे निघेल ते तुला आणि बाबांना एकाच शब्दांत सांगेन. हा शब्द देते.

मला गाडीतलं काही येत नाही, हे तुला माहीतच आहे. कुठून सुरुवात करू?

तुझी मास्तरीण


२९ जानेवारी

दादा,

कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे चार प्रश्न. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? एकदम की दम सोडत सोडत? त्या वेळी हातपंप घट्ट लागतो की सैल? बंद पडल्यावर किती वेळाने चालू होते?

चौथा प्रश्न मी बराच वेळ वाचला. उत्तर तुलाच सगळ्यात जास्त माहीत आहे. पण तुला आत्ताचं उत्तर हवं असेल. बिघाड तोच आहे की बदलला आहे, हे बघायला. तू कधी शाळेत नीट बसला नाहीस, पण प्रयोगाची पहिली पायरी हीच असते.

उत्तरं देण्याआधी ती चालू करणं भाग होतं. वेल्डरकाका दोन रविवार येत आहेत. जड वाहनाचा परवाना त्यांच्याकडे आहे, आणि काकूंपासून दोन तास सुटका हवी असते. बॅटरी त्यांनी स्वतःच्या टेंपोची आणून लावली. टायरमध्ये हवा भरली. चिमण्यांच्या काड्या मी काढू देत नव्हते, तर म्हणाले, "मॅडम, एक तर घरटं चालवा नाही तर ट्रक चालवा." काड्या रिकाम्याच होत्या. काढल्या.

टाकीत अर्धं डिझेल जुनंच होतं. वर दोन कॅन नवं ओतलं. नरसाळं खोपटात खुंटीला होतं तिथेच होतं. त्याच्या तोंडावर बाबांचा चौकडीचा रुमाल बांधलेला आहे, वाळून पापडासारखा झालेला. असो.

काकांनी फीड पंपावरचा छोटा हातपंप मारून नळीतली हवा काढली. तिसऱ्या वेळी ती चालू झाली. सगळं अंगण धुरानं भरलं. बाबा पायरीवर होते. उठून आत गेले, दार लावलं नाही. जेवताना म्हणाले, "कशाला खेळ चाललाय हा?"

मी म्हटलं, "का बंद पडायची ते बघायचंय."

"मेलेल्या गाडीचं पोस्टमॉर्टेम करून काय मिळणार?"

"कारण मिळेल."

त्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "काय करायचं ते कर. टाकीला तेवढा हात लावू नकोस. गंजलीये. पट्टे सोडलेस तर फुटेल."

मी टाकीचं नावही काढलं नव्हतं.

मास्तरीण


१८ फेब्रुवारी

दादा,

चार फेऱ्या झाल्या. वही केली आहे. तुझ्या प्रश्नांच्या क्रमाने लिहिते.

थंड असताना कधीच नाही. अंगणात उभी ठेवून तासभर चालवली तरी नाही. रस्त्यावर, रेस दिल्यावर, पंचवीस ते चाळीस मिनिटांनी. त्यातही खड्ड्यांच्या रस्त्यावर लवकर. काका म्हणतात, "अंगणात गुणाची, बाहेर पडली की नखरे. आमच्या घरचीच वाटते." काकूंना सांगेन म्हटलं तर गप्प बसले.

एकदम बंद पडत नाही. आधी चढावर मागे ओढल्यासारखी होते, पेडल दाबलं तरी प्रतिसाद नाही, मग दोनदा अंग झटकते आणि थांबते. एकदा मी झटके मोजले, नऊ होते. ते मोजून काही उपयोग नाही हे नंतर कळलं.

हातपंप घट्ट. वर ओढला तर आपोआप आत खेचला जातो, पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखा. टाकीचं झाकण उघडून ऐकलं. तू मधे आलेल्या दुसऱ्या कार्डात म्हटलं होतंस तशी शिट्टी वाजली नाही, म्हणजे झाकणाचं भोक बुजलेलं नाही. फिल्टर नवा घातला होता, तो कापून बघितला, स्वच्छ आहे. आणि पंधरा-वीस मिनिटं उभं राहिल्यावर हातपंप आपणहून सैल होतो. मग चार-पाच दट्टे मारले की गाडी चालू.

बंद पडल्यावर किती वेळाने: सतरा, चोवीस, वीस, एकवीस.

बिघाड तोच आहे.

चौथ्या फेरीला ती पुलाच्या जरा अलीकडे बंद पडली. काका खाली उतरून बिडी ओढत बसले. मी केबिनमध्ये होते. मागच्या बाकावरचं रेक्झिन फाटलं आहे आणि खालचा स्पंज पिवळा पडला आहे. उशी अजून तिथेच आहे. मला वाटलं होतं की मला काहीतरी होईल. काही झालं नाही. मी वहीत वेळ लिहिली.

त्या बावीस मिनिटांत रस्त्यावर कोण थांबलं, कोण नाही, आई बोलत होती का, हे मी तुला कधी विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही. फक्त विचारलं नाही, एवढं लिहून ठेवते.

मास्तरीण


५ मार्च

दादा,

तू लिहिलंस, "डब्यावर चालव." काकांना ते लगेच कळलं, मला समजवायला त्यांनी माझाच खडू वापरला. टाकीकडून येणारी नळी सोडायची, आणि तिथे केबिनच्या मागे बांधलेल्या डिझेलच्या डब्यातून पारदर्शक नळी जोडायची. टाकी उपाशी, पंप डब्यावर. तरीही बंद पडली तर दोष पंपात किंवा त्याच्या पुढे. नाही पडली तर दोष पंपाच्या मागे, टाकीकडे.

शनिवारी शाळा सुटल्यावर निघालो. खड्ड्यांचा रस्ता, चढ, पूल, पलीकडचं वळण, परत. दोन तास दहा मिनिटं. नळीतून डिझेल सारखं वाहत होतं, एक बुडबुडा नाही. काकांनी मुद्दाम चढावर चौथ्या गिअरमध्ये छळली. तिनं एकदाही अंग झटकलं नाही. रविवारी पुन्हा तेच केलं, म्हणजे योगायोग नको. नाही पडली.

पंप चांगला आहे, दादा. तू जोडलास तसाच आहे. दोन वर्षं उभा राहूनही चांगला आहे.

हे मी बाबांना त्याच शब्दांत सांगितलं. वहीसुद्धा दाखवली. ते पायमोजे वाळत घालत होते. म्हणाले, "हं." मग दोन चिमटे लावून झाल्यावर म्हणाले, "झालं ना मग? पंप चांगला होता, ठरलं. आता क्रेन येऊ दे."

मी म्हटलं, "मग तुम्ही म्हणाला होतात ते?"

"काय म्हणालो होतो?"

"त्याच्या हातानं झालं म्हणून."

त्यांनी तिसरा चिमटा हातातच धरला. "माणूस बोलतो," म्हणाले. "तेव्हा माणूस काय काय बोलतो." आणि आत गेले. मला वाटलं होतं या क्षणी काहीतरी उघडेल. काहीच उघडलं नाही, पण माझं काम अर्धंच झालं आहे असंही वाटलं. दोष कुठे नव्हता ते कळलं. कुठे होता ते नाही.

मास्तरीण


१३ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. एवढंच: "टाकीत काहीतरी आहे. उतरव."

बाबा कामावर असताना काका आणि मी टाकी उतरवली. पट्टे गंजले होते पण फुटलं काही नाही. आत गाळ होता, गंजाचे पापुद्रे होते. धुऊन पुन्हा बसवली. त्यामुळेच होत असावं.

पुढच्या दिव्यांचे बल्ब बदलले. वायपर एकच चालतो. शाळेत वार्षिक तपासणी आहे, त्यामुळे या आठवड्यात फार वेळ नाही. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं की प्रत्येक गोष्टीला कारण असतं तर प्रत्येक कारणालाही असतं का. मी हो म्हटलं.

हवा बरी आहे.

मास्तरीण


२३ मार्च

दादा,

"गाळ असता तर वीस मिनिटं थांबून सुटला नसता. काय निघालं?"

तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, सगळी वाक्यं उताराला लागल्यासारखी. तू ओळखणार हे मला तेरा तारखेचं पत्र पेटीत टाकतानाच माहीत होतं. तरी टाकलं. मी शब्द दिला होता आणि तो मोडला. आता लिहिते.

टाकी उतरवून आम्ही ती फरशीवर आडवी केली. काकांनी डिझेल घमेल्यात ओतलं. शेवटचं डिझेल यायचं थांबलं, पण टाकी हलवली की आत काहीतरी ओलं चिकटून सरकल्याचा आवाज येत होता. काकांनी तार वाकवून आत घातली आणि ओढलं. फडकं निघालं. काळपट, बुळबुळीत, हाताच्या पंजाएवढं. मधोमध एक गोल खळगा पडलेला, ज्या नळीतून डिझेल वर ओढलं जातं तिच्या तोंडाएवढाच. काकांनी ते त्या नळीच्या टोकावर धरून दाखवलं. टोपीसारखं बसलं.

कसं होत होतं ते आता सांगता येतं. खड्ड्यांतून डिझेल हिंदकळलं की फडकं फिरत फिरत नळीपाशी यायचं, ओढ लागली की तोंडावर बसायचं. इंजिन उपाशी मरायचं. इंजिन थांबलं की ओढ जायची, आणि फडकं हळूहळू सुटून तळाला जायचं. त्याला वीस मिनिटं लागायची. कधी सतरा, कधी चोवीस. एकदा बावीस.

काकांनी ते साबणाच्या पाण्यात धुतलं. कशाचं आहे ते बघायला. मी त्यांना नको म्हटलं नाही. धुतल्यावर निळ्या दोऱ्याचे टाके दिसले. ४१.

माझ्या प्रयोगशाळेच्या कोटाचा खिसा आहे तो. अकरावीचा कोट. धोब्याकडे बदलू नये म्हणून आईनं माझा हजेरी क्रमांक खिशावर शिवला होता. तिला आकडे लिहिता येत नव्हते, मी कागदावर काढून दिले आणि तिनं ते बघून बघून टाके घातले. नंतर तो कोट मला लहान झाला.

तुला आठवत असेल, टाकीच्या झाकणाखालची जाळी कधीच तुटली होती, आणि कॅनमधलं डिझेल आपण तसंच ओतायचो. मी दुसऱ्या वर्षाला होते. कॅनच्या तळाचा गंज मी काचेच्या बाटलीत घेऊन बाबांना दाखवला आणि म्हटलं, हे इंजिनात जातं, गाळल्याशिवाय एक थेंब ओतायचा नाही. तू हसलास. "मास्तरीण आता डिझेल गाळून पाजणार, उद्या उकळून पाजेल." मी ऐकलं नाही. कोटाचा खिसा कापला आणि नरसाळ्याच्या तोंडावर सुतळीनं बांधला. तेव्हापासून आपण सगळे गाळूनच ओतायचो. सगळ्यांना ते पटलं होतं.

तू पंप उघडलास तेव्हा टाकी रिकामी केली होतीस. काम झाल्यावर "कुणीतरी कॅन ओता रे" म्हणून तू हात धुवायला गेलास. मी ओतले. अभ्यासाच्या सुट्टीत होते, घाईत होते. तिसरा कॅन अर्धा झाल्यावर डिझेल एकदम भडाभडा जायला लागलं, गाळताना जात नाही तसं. ओतून झाल्यावर नरसाळं उचललं. तोंड उघडं होतं. सुतळी लोंबत होती. मी खाली, चाकाजवळ बघितलं. फडकं नव्हतं. वाटलं, वाऱ्यानं गेलं असेल. वारा नव्हता. मी नरसाळं खुंटीला लावलं, हाताचा वास वहीला लागेल म्हणून दोनदा साबण लावला आणि आत जाऊन बसले.

मी विसरले होते असं लिहिणार होते. पूर्ण विसरले नव्हते. जानेवारीत नरसाळ्यावर बाबांचा रुमाल बघितला तेव्हा थांबले होते. ते तुला "असो" असं लिहिलं आहे, परत काढून बघ.

तुझ्या हातानं काही झालं नव्हतं. माझ्या हातानं झालं.

हेच शब्द बाबांना सांगायचे आहेत. अजून सांगितलेले नाहीत. उद्या सांगेन.

मास्तरीण


२५ मार्च

दादा,

सांगितलं.

बाबा काट्यावरून आले, हातपाय धुतले, पायरीवर बसले. मी फडकं वर्तमानपत्रावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, हे टाकीतून निघालं, गाडी याच्यामुळे बंद पडायची, हे माझं आहे आणि ते माझ्या हातून आत पडलं. दादाच्या हातानं काही झालं नव्हतं.

त्यांनी हात लावला नाही. नुसतं बघत होते. मग म्हणाले, "मी दुसरं बांधलं होतं."

"काय?"

"रुमाल. दुसऱ्या दिवशी कॅन ओतायला गेलो तर नरसाळं उघडं. तुझी परीक्षा. तुला कुठं विचारत बसू, म्हणून आपला रुमाल बांधला."

"हे आत पडलं असेल असं तुम्हाला तेव्हा वाटलं?"

"तेव्हा नाही."

मी थांबले. तू मला नेहमी म्हणायचास की मी समोरच्याला उत्तर पुरं करू देत नाही. या वेळी करू दिलं.

"काट्यावर लागलो त्यानंतर," ते म्हणाले. "एक ट्रकवाला आला. कॅननं डिझेल ओतत होता, नरसाळ्याला फडकं लावून. मी त्याला आकडा सांगत होतो आणि अर्ध्यातच थांबलो. तो म्हणाला, काय झालं काका? मी म्हटलं, काही नाही."

"म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. वाटत होतं. माहीत करून घ्यायला टाकी उतरवावी लागली असती."

"मग दादाला का नाही सांगितलं?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी फडक्यावर ओढली, जेवणावर झाकण ठेवतात तशी. "त्याला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं. एक तर गेलाच होता. म्हटलं, दुसरी तरी धड राहू दे. घरात एक जण शिकलंय." मग म्हणाले, "भंगारात गेली असती म्हणजे टाकीसकट गेली असती."

मला रागवायला हवं होतं. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. शेजारच्या घरात कुणीतरी बराच वेळ बादली भरत होतं. पाणी वरून सांडायला लागलं तरी नळ बंद केला नाही.

दादा, माझी पदवी भिंतीवर लावलेली आहे. तू गेल्यावर बाबांनी ती काचेत बसवून आणली. परीक्षा होती म्हणून तू मला गाडी बंद पडत असल्याचं काही सांगितलं नाहीस, परीक्षा होती म्हणून बाबांनी फडक्याचं विचारलं नाही, परीक्षा होती म्हणून मी वाकून टाकीत बघितलं नाही. आई त्या सकाळी मला म्हणाली होती की छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय, तू जा, पेपर चुकवू नकोस. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी गेले.

एकसष्ट टक्के मिळाले.

मास्तरीण


३० मार्च

दादा,

आज सकाळी बाबांनी विचारलं, "किल्ली कुठाय?"

दोन वर्षांत ते पहिल्यांदा म्हातारीत चढले. सीट मागे सरकवली, तुझ्या पायांच्या मापाची होती, काकांनीही हलवली नव्हती. चाकाखालचा दगड मी काढला. काकांनी तो दर वेळी फेरीनंतर परत तिथेच लावला होता. मी विचारलं, कुठे जायचं. ते म्हणाले, "बस."

खड्ड्यांच्या रस्त्यानं गेलो. ते मुद्दाम खड्डे चुकवत नव्हते. चाळीस मिनिटं झाली, पंचेचाळीस झाली. तिनं अंग झटकलं नाही, चढावर ओढलं गेल्यासारखं झालं नाही. टाकीवरच चालत होती, डबा काढून ठेवला होता. मी वही आणली होती. उघडली नाही.

पुलावर आल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. किती म्हणाला होता तो?"

"बावीस."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि समोर काचेपाशी ठेवलं. मग दोघं बसलो. आधी एक बस गेली. ती जाताना पूल हलतो, हे तुला माहीत असेल. मग दोन मोटारसायकली. एक माणूस सायकलवरून उतरला, खिडकीशी आला आणि म्हणाला, "बंद पडली का?"

बाबा म्हणाले, "हो."

"धक्का मारू?"

"नको. होईल चालू."

तो गेला. बाबा वळून मागच्या बाकाकडे बघत होते, उशीकडे. मी समोर बघत होते. केबिन तापायला लागली. मला वाटलं बराच वेळ झाला, तेव्हा त्यांनीच विचारलं, "झाली का?"

मी घड्याळ बघितलं. "नऊ झाली."

एकदा त्यांनी किल्लीला हात लावला आणि काढून घेतला. एकदा खाली उतरले, पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, परत वर चढले. तूही उतरला असशील. तू उतरलास तेव्हा आई आत एकटी असेल, आणि तू आत बसलास तेव्हा गाडी चालू करायला कुणी नसेल. हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. कारण शोधताना मी वेळेकडे नुसता आकडा म्हणून बघत होते.

सोळा मिनिटं झाली तेव्हा बाबा म्हणाले, "फार असतात गं."

बावीस झाल्यावर मी सांगितलं. त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली.

क्रेनवाल्याला काकांकडून निरोप गेला आहे की येऊ नको. म्हातारीचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. मी परवाना काढायचं म्हणते आहे, काका म्हणतात आधी पेडलपर्यंत पाय पोचवा. अंगणात लावताना मी दगड उचलून आणला, तर बाबा म्हणाले, राहू दे, ब्रेक धरतो.

मी माफी मागितलेली नाही, हे माझ्या लक्षात आहे. इतक्यांदा लिहून खोडली की कागद फाटला. पण आता विचारते: त्या बावीस मिनिटांत आई बोलत होती का? तुला सांगायचं असेल तेव्हा सांग. कार्डावर मावणार नाही, म्हणून पाकीट आणि कोरे कागद सोबत ठेवले आहेत.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा बाबांना विचारलं, तुमच्याकडून काय लिहू. ते म्हणाले, काही नको. दारापर्यंत गेले आणि तिथून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही, म्हणावं बाबांनी मोजून बघितली."

एवढंच म्हणाले. तेवढंच लिहिते.

तुझी मास्तरीण